विजापूरचे गिऱ्हाईक

अप्पा,

तुम्हांला माती देऊन आलो तो शुक्रवार. मंगळवारी नरसय्या नेहमीप्रमाणे खांद्यावर गठ्ठा घेऊन तुमच्या दुकानी गेला. शिवानंदाने त्याला बसवले, चहा पाजला आणि सांगितले, "त्या मालाचं मास्तरांना विचारा. त्यांनाच ठाऊक." तुमचा मुलगा व्यवहारी आहे. वडिलांच्या वारशातली एक गोष्ट त्याने वेळीच वगळली आणि माझ्या दारी पाठवून दिली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी लिहिणे भाग आहे. नरसय्या हा सोलापूरच्या पूर्वभागातला, विणकरांच्या वस्तीतला विणकर. घरात खड्डामाग, त्यावर नऊवारी लुगडी. गेली कित्येक वर्षे त्या लुगड्यांना बाजारात गिऱ्हाईक नाही. तुम्ही ती सगळी विकत घेत होता आणि माल विजापूरकडे जातो असे त्याला सांगत होता. विजापूरकडे एकही लुगडे गेले नाही. तुम्ही ती गोरगरिबांत वाटून टाकत होता. हे शिवानंदाला ठाऊक होते, मला ठाऊक होते. नरसय्याला नव्हते. त्याचे खरे नाव मी येथे दिलेले नाही. तुमचेही देत नाही. सोलापुरात अप्पा पुष्कळ आहेत.

आरंभ मला आठवतो, कारण मी समोर बसलो होतो. विणकामशाळेत मी यंत्रमाग शिकवीत असे. शाळा सुटली की तुमच्या गादीवर येऊन टेकण्याची सवय होती. नरसय्याने तुमच्यापुढे लुगडे पसरले. त्याआधी तो पाच दुकाने फिरून आला होता, हे त्याच्या पायांवरून दिसत होते. तुम्ही काठावरून बोट फिरवले, पदर उजेडात धरला आणि दोन्ही नग ठेवून घेतले. तो गेल्यावर मी विचारले, "हे कोण नेसणार? तुमच्याच दुकानात नायलॉनची पाचवारी लागली आहे."

"लागली हाय म्हणून तर घेतो की," तुम्ही म्हणालात. "एका हातानं मी त्याचा धंदा मारला. दुसऱ्या हातानं दोन लुगडी घेतली. ह्यात धर्म कसला? ह्या हंगामापुरतं घेतो मास्तर, पुढचं पुढं बघू."

तो हंगाम तुमच्या मरणापर्यंत चालला.

विजापूर तुमच्या तोंडून कसे निघाले तेही मला माहीत आहे. पुढल्या खेपेला त्याने विचारले, माल कुठे खपला? तुमचे आजोळ तिकडचे. जे नाव पहिल्यांदा जिभेवर आले ते तुम्ही उच्चारलेत. खोटे बोलण्याचा तुम्हांला सराव नव्हता. म्हणूनच ते इतके टिकले असावे. सराईत माणसाने पुढे कधीतरी ते बदलले असते.

पुढे दुष्काळ पडला. आजवर तुमच्या तोंडावर जे कबूल केले नाही ते लिहितो. त्या वर्षी नरसय्याच्या गल्लीतले माग एकेक करून थांबले आणि बारीक बोटांची माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. विणकराचा हात एकदा हातोड्याने राठ झाला की तुटलेला धागा पुन्हा नीट जोडत नाही. नरसय्या खडीवर गेला नाही. त्याची बायको छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. तिला औषध मिळाले, ती उठली. हे तुमच्यामुळे झाले. त्या काळी मी म्हणत असे की एका घराला वाचवून बाकीच्यांचे काय? तो युक्तिवाद बिनचूक होता. त्या बाईला मात्र तिच्या दारात बसून हरभरे निवडताना मी अजून पाहतो.

त्याच वर्षी ती लुगडी तुम्ही होटगीच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायकांना वाटलीत. बैलगाडीतून नेलीत, स्वतः उभे राहून दिलीत. आणि पुढल्याच आठवड्यात एका बोहारणीच्या पाटीत, भांड्यांच्या बदल्यात आलेली, घडी न मोडलेली तीन लुगडी मी पाहिली. नरसय्याचा काठ मी डोळे मिटून ओळखला असता. तसाच तुमच्याकडे आलो.

"दिलेल्या दानाची भांडी झाली," मी म्हणालो.

"होऊ द्या की. भांड्यात काहीतरी शिजलं असंल."

"शिजायला काय होते? कामावर सरकारची सुकडी मिळते, ती तशीच खातात. त्यांना लुगडे नको होते, अप्पा. तुम्हांला द्यायचे होते."

तुम्ही कापडाची घडी सारखी केलीत. मग म्हणालात, "होगली बिडी, मास्तर." ‘जाऊ द्या’ म्हणून विषय मिटवायचा झाला की तुम्ही कानडीत शिरत होता. तो वाद तेथेच राहिला. आपले बहुतेक वाद तेथेच राहिले आहेत.

अंबादासचा मात्र राहिला नाही. तो मी पुरता भांडलो आणि हरलो.

नरसय्याचा हा थोरला मुलगा. त्याची मिसरूड फुटत होती तेव्हा त्याच्यासाठी मी शाळेत एक जागा धरून ठेवली होती. मुलाचे डोके यंत्रात चालणारे होते. एकदा शाळेच्या खिडकीतून पाहता पाहता, माग का अडतो आहे, ते त्याने मला बाहेरूनच सांगितले होते. मी स्वतः नरसय्याच्या घरी गेलो. मी सहसा कुणाच्या घरी जात नाही.

नरसय्या हसला. "मास्तर, तुमची शाळा चांगली हाय. पण ह्यो गेला तर कांड्या कोण भरंल, ताणा कोण लावंल? इजापूरचं गिऱ्हाईक तुटंल की माझं. आख्ख्या गल्लीत एक माझंच गिऱ्हाईक टिकलंय, त्ये तुमी तोडायला सांगता व्हय?"

मी तेथून थेट तुमच्याकडे आलो. सांगितले की आता थांबवा. या एका वर्षी घेऊ नका. महिनाभर हाल होतील, मग पोरगा शिकेल आणि घर उभे राहील. तुम्ही म्हणालात, "महिनाभर हाल होतील हे तुमी म्हणता. हाल त्यांचं होणार." मी म्हणालो, "शस्त्रक्रियेला भिऊन गळू पोसणाऱ्याला वैद्य म्हणत नाहीत." तुम्ही म्हणालात, "मी वैद्य न्हायच मुळी. कापडवाला हाय." पुढल्या मंगळवारी तुम्ही लुगडी घेतलीत. शाळेतली ती जागा दुसऱ्याला गेली.

अंबादास आज बापाचा माग चालवतो. हात उत्तम आहे. ज्या कामाला बाजार नाही त्या कामात तो निष्णात झाला. ही तुमची करणी आहे. तुमच्या तोंडावर मी हे म्हटले होते, म्हणून ते आता लिहिण्याचा मला अधिकार आहे.

तीस वर्षांत आपण एकमेकांना अरे-तुरे केले नाही. घरातले दुखणे-खुपणे सांगितले नाही. तुम्ही अडचणीत आहात असे तुमच्या तोंडून मी एकदाच ऐकले. गेल्या उन्हाळ्यात तळ्याच्या कट्ट्यावर बसलो होतो. तुम्हांला धाप लागत होती. अचानक म्हणालात, "मास्तर, ह्यातनं भायेर कसं पडायचं वो?"

कशातून, ते विचारावे लागले नाही.

"सांगून टाका," मी म्हणालो.

"काय सांगू? बाबा, इतकी वर्सं राबलास, पण तुझं गिऱ्हाईक न्हवतंच म्हणून? त्यो लुगडं इणतो म्हणून गल्लीतनं ताठ चालतो. मी दान देतो असं कळलं तर त्याला चालता यील का?"

"मग घेत राहा."

"मी मेल्यावर?"

मी कट्ट्यावरचा एक खडा पाण्यात टाकला.

"तुमी सांगा," तुम्ही म्हणालात. "तुमी कधी खोटं बोलला न्हाई. तुमचं त्यो खरं मानंल."

मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. पाण्याकडे पाहत राहिलो. त्या मौनाचा अर्थ तुम्ही होकार असा घेतलात आणि निश्चिंत झालात. घरी परतताना तुमची चाल मला बरी वाटली. माझी जड होती.

तर मंगळवारी नरसय्या आला. डोक्याची टोपी काढून तुमच्यासाठी दोन शब्द बोलला, डोळे पुसले, मग गठ्ठा सोडला. मी त्याला गठ्ठा बांधायला सांगितले, समोर बसवले आणि सर्व सांगितले. काही वाढवले नाही, काही झाकले नाही. विजापूरला गिऱ्हाईक नव्हते. अप्पा स्वतः घेत होते आणि वाटत होते. शाळेत धडा देतात तसा मी तो दिला. दुसरी रीत मला येत नाही.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "मास्तर, माणूस जाऊन आठ दिस न्हाई झालं."

"खरे आहे ते सांगतो आहे."

"तुमचं मशीनचं याड आमाला नवं न्हाई. पोरगं द्या म्हणून आलता, दिलं न्हाई. त्ये मनात धरून बसलात इतकी वर्सं." त्याचा आवाज चढला नाही. "धर्म करणारा माणूस माल परत करतो का वो? दिवाळीच्या आधी पदरात एक तार सुटली हुती, तर अप्पांनी दोन्ही नग माघारी दिलं. म्हणले, इजापूरचा शेटजी कडक हाय, असला माल घेणार न्हाई. मी भांडलो. घरी जाऊन उलगडलं आणि पुन्यांदा इणलं. भीक घालणारा असं करतो का?"

तुम्ही त्याचा माल परत करीत होता, हे मला ठाऊक होते. तो व्यापाऱ्याचा हात आखडता घेण्याचा स्वभाव, असे मी समजत होतो. त्याची मान ताठ राहावी म्हणून तुम्ही त्याच्या मालात खोट काढत होता. खोटे इतके चोख विणलेत, अप्पा, की त्यातून खरे बाहेर काढायला जागाच ठेवली नाहीत. आणि ज्याच्यावर हे काम सोपवलेत, त्याचेच बोलणे नरसय्याच्या लेखी सर्वांत कमी वजनाचे होते. आयुष्यभर जे सांगत आलो तेच मी पुन्हा सांगत होतो. कोण मानील?

"गिऱ्हाइकाचा पत्ता द्या," तो उठताना म्हणाला. "अप्पा देत न्हवते, त्यो त्यांचा धंदा हुता. तुमी काय धंदेवाले न्हाई. मी सोता जातो इजापूरला."

पत्ता नव्हता. पत्ता नाही म्हणालो. पत्ता दडवतो आहे अशी त्याची खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादास आला. दारातच उभा राहिला. आत ये म्हटले तरी येईना.

"नायनानं सांगितलं तुमी काय बोलला ते," तो म्हणाला. बापाला तो तेलुगूतच नायना म्हणतो. "तुमचं खरं हाय, मास्तर."

"तुला केव्हापासून ठाऊक?"

"लगीन झाल्यावर सासऱ्याच्या कामाला इजापूरला गेलतो. म्हटलं, बघू आपलं गिऱ्हाईक. कापडाची सगळी दुकानं हिंडलो. आमचा काठ बगून एक जण म्हणला, असला माल आता कुटं मिळत न्हाई, आमच्या आजीच्या पेटीत हाय." तो जरासा हसला. "परत आलो. बोललो न्हाई."

"का नाही बोललास? त्याच दिवशी माझ्याकडे यायचे. वय अजून गेले नव्हते."

"सांजेला जेवताना नायना काय बोलतो ठाऊक हाय का? इजापूरच्या शेटजीला औंदा कुटला रंग आवडंल, त्याच्या सुनंला ह्यो काठ पसंत पडंल का. पोरंबाळं हायती त्या शेटजीला. नावं ठिवल्यात नायनानं. कुणाला सांगू?"

मग त्याने आपले म्हणणे मांडले. चुलतभावाच्या कारखान्यात यंत्रमागावर जागा आहे, तो जाणार. शिकवणार का, असे मला विचारले. या वयात मी शिकवीन, म्हणालो. इतकी वर्षे धरून ठेवलेले उत्तर होते, चटकन निघाले. पण त्याची अट होती. त्याच्या मजुरीतून तो दर आठवड्याला माझ्या हाती पैसे देणार आणि मी नरसय्याचे एक लुगडे घ्यायचे. बापाला तो सांगणार की गिऱ्हाईक आता मास्तरांमार्फत एकच नग मागते, तेवढे एकट्याच्याने होईल.

"मी खोटे बोलत नाही," मी सांगितले.

"तुमी बोलू नका, मास्तर. बोलायचं त्ये नायना बोलतो. तुमी निस्तं न्हाई म्हणू नका."

यंत्रमागावर यायला तो एकदाचा तयार झाला, आणि त्याची फी म्हणून मला विजापूरचे गिऱ्हाईक व्हायचे आहे. तुमच्यावर रागवावे असे त्या क्षणी फार वाटले. रागवायला तुम्ही नव्हता. तुम्ही गेल्याचे मला खरे कळले ते तेव्हा.

पुढल्या मंगळवारी नरसय्याने वांगी रंगाचे लुगडे माझ्या टेबलावर ठेवले. मी नाही म्हणालो नाही. तो खुशीत होता. "आलात का शुद्धीवर? शेटजीनं तुमाला एजंट केलं म्हणा की. बगा, मशीनच्या मास्तराला म्हातारपणी हातमागानंच पोसलं." मी पदर उजेडात धरला. तार कोठे सुटलेली नव्हती. मला खोट काढता आली नाही. त्याने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले.

लुगडे घरात दोन दिवस पडून राहिले. माझ्या घरी ते नेसणारे आता कुणी नाही. शेवटी धुण्याभांड्याच्या शांताबाईपुढे धरले. ही करमाळ्याकडची, दुष्काळात खडी फोडायला आली आणि येथेच राहिली.

"कोण मेलं?" तिने विचारले. मेल्या माणसाच्या नावाने लुगडी वाटतात, म्हणून.

"कुणी नाही. तुला आहे."

"कशापायी?"

"सहज."

"मग नगं." ती पुन्हा भांड्यांकडे वळली. मी ते धरून उभाच. तिलाच माझी दया आली असावी. "तसं न्हवं मास्तर, लुगडं ब्येस हाय. पण फुकाटचं एकदा घेतलंय मी. दुष्काळात एक शेट गाडी घिऊन आलता, पाऊणशे बायकांस्नी दिली. समदी हिरवी. नेसून कामावर गेलो की लांबनं वळखू यायचो. मुकादम पाणी सुटलं की म्हणायचा, हिरव्यांनी मागं थांबा, तुमाला घावलंय. सुकडी वाटताना बी त्येच. मग काय करता? बोहारणीला घातलं, पातेलं घेतलं. पातेल्याला कोण इचारतंय कुटनं आलंस म्हणून."

अप्पा, ती सगळी हिरवी तुम्ही मुद्दाम विणवून घेतली होती. एकीला उजवे, दुसरीला डावे मिळाले असे होऊन बायकांत भांडण लागू नये म्हणून. त्या दिवशी मीही म्हणालो होतो की आयुष्यात एक तरी शहाणपणाची गोष्ट केलीत. म्हणजे तो बोहारणीचा वाद आपण दोघेही हरलो. त्यांच्या पोटासाठी विकली असे तुम्ही म्हणत होता, त्यांना नको होती असे मी. लुगडे त्यांना हवे होते. आपण दिलेले दिसायला नको होते. हे तुम्हांला सांगायला आता कोठे जाऊ?

शांताबाईने हात पुसले आणि लुगड्याचा काठ पाहिला. मग किंमत विचारली. मी सांगितली. तिने निम्मी सांगितली. मला घासाघीस येत नाही, तरी थोडी केली. "पगारातनं कापा," ती म्हणाली, "पण एकदम न्हाई, थोडं थोडं." आणि घेऊन गेली. दोन दिवसांनी नेसून आली. बोळातल्या बायकांना सांगत होती, इकत घेतलंय.

इतक्या वर्षांत नरसय्याच्या लुगड्याला मिळालेले हे पहिले गिऱ्हाईक. त्याला नाव आहे, पत्ता आहे, ते विजापुरात नाही. नरसय्याला सांगावे असे मनात आले होते. पण तिला वर्षाला एकच लागते.

तुमच्याविषयी मला आदर होता. तुमच्या करणीविषयी नव्हता, आजही नाही. ही दोन वाक्ये तुम्ही असताना एका दमात म्हणता आली असती तर बरे झाले असते; मी दुसरे तेवढे म्हणत राहिलो.

परवा मंगळवार आहे. या खेपेला नायनाने डाळिंबी रंग लावला आहे, शेटजीच्या धाकट्या सुनेसाठी, असे अंबादास सकाळी सांगून कारखान्यात गेला. डाळिंबी लुगडे विकत घेईल अशी एकही बाई माझ्या ओळखीची नाही.